तीन हजारांच्या पुढे

तीन हजार आरपीएमपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत, गाडी शहाण्या मुलासारखी चालायची. त्याच्या पुढे पाय दाबला की एक झटका, पाठोपाठ दुसरा, सायलेन्सरमधून फटाक्यासारखा बार आणि काटा खाली. पाय काढला की जणू काही झालंच नाही अशी आयडलवर गुरगुरत बसायची. हा तमाशा मी सलग अकरा संध्याकाळी पाहिला. त्यातल्या सात संध्याकाळी मी लॅपटॉपसमोर बसून आकडे बदलत होतो. बॉनेटखाली हात घालायची बुद्धी फार उशिरा झाली.

गाडी जुनी, चार सिलिंडरची, सोळाशे सीसीचं साधं पेट्रोल इंजिन. मूळ ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, पाणी शिरून सर्किट बोर्डावर हिरवट बुरशी चढली होती. दुसऱ्या गाडीतून काढलेला ईसीयू आणून बसवला, तर तो चावीतली चिप ओळखेना, आणि चोरी टाळणारा इमोबिलायझर इंजिन सुरू होऊ देईना. तेव्हा ठरवलं की आपणच बनवू. गाडी आता सार्वजनिक रस्त्यावर जात नाही, बंद मैदानातच फिरते, म्हणून हा उद्योग करायची मोकळीक होती. रोजच्या वापरातल्या गाडीवर धूर-चाचणीचे नियम पाळून हे जमवणं ही वेगळी डोकेदुखी आहे, तिच्या वाटेला मी गेलो नाही.

निवडला तो स्पीडुइनो. त्याचा आराखडा आणि प्रोग्राम दोन्ही सगळ्यांना खुले. आत बसतो अर्डुइनो मेगा २५६०, म्हणजे १६ मेगाहर्ट्झचा आठ बिटी चिप. पोरं ज्यावर दिवे लुकलुकवायला शिकतात तोच बोर्ड. या जातीच्या घरगुती ईसीयूची वाट खरी रुळवली ती ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांच्या मेगास्क्वर्टने, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. त्याच्यावर लोकांनी इतक्या चुका करून ठेवल्यात की आपली चूक नवी निघणं कठीण. माझीही नव्हती.

पहिली चूक तर इंजिन सुरू व्हायच्या आधीच केली. इग्निशन कॉइलचं काम असं असतं की ठिणगीच्या आधी साधारण तीन मिलिसेकंद तिच्यातून करंट सोडायचा आणि मग झटकन तोडायचा. तो तुटतो त्या क्षणी प्लगवर ठिणगी पडते. सेटिंगमध्ये सिग्नल उलटा की सुलटा हे सांगणारी एक ओळ असते. ती माझ्याकडून उलटी राहिली. चावी ऑन करून मी सेन्सरचे आकडे वाचत बसलो आणि इकडे कॉइलमधून सतत करंट वाहतोय. तिच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स एक ओहमही भरत नाही. दोन मिनिटांत तापलेल्या वार्निशचा गोडसर वास आला. हात लावला तर बोट चटकलं. कॉइल गेली, तिला चालवणारा ट्रान्झिस्टरही गेला. तेव्हापासून नवीन सेटिंग आधी कॉइलच्या जागी एलईडी लावून बघतो. चावी ऑन केल्यावर एलईडी पेटून राहिला तर काहीतरी उलटं आहे.

नवी कॉइल लावली, लेकीला चावीवर बसवलं. तिने सेल्फ मारला, तीन-चार वळणांत इंजिन धरलं. "बाबा, आता सोडू?" असं ती विचारेपर्यंत मी टाळ्या वाजवून मोकळा झालो होतो. पुढची गोष्ट माहीत असती तर हात आवरले असते.

दुसऱ्या दिवशी तीन हजारांची भिंत लागली.

माझं डोकं सरळ पेट्रोलकडे धावलं, आणि त्यालाही कारण होतं. असा ईसीयू हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून तो सिलिंडरमध्ये किती हवा शिरली असेल याचा अंदाज बांधतो. त्या अंदाजाला सुधारणारा एक तक्ता असतो, सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ खाने. हा तक्ता आपणच भरायचा असतो. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावलेला होता. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण १४.७ ला एक असलं की पुरतं ज्वलन. तीन हजारांच्या पुढे माझा सेन्सर दाखवायचा १६.५, कधी १७. म्हणजे मिश्रण लीन. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. त्या भागातल्या खान्यांत मी आठ टक्के वाढवले. फरक शून्य. आणखी दहा वाढवले. आता आकडा १७.५ झाला आणि झटके वाढले.

इथे थांबायला हवं होतं. पेट्रोल वाढवल्यावर सेन्सर आणखी लीन दाखवतो, हे गणितातच बसत नाही. पण आदल्या रात्रीपासून समोर तोच तक्ता उघडा होता, आणि हातात हातोडी असली की माणूस खिळेच शोधतो. इंजेक्टरचा, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या नळीचा, डेड टाइम बदलला. म्हणजे करंट मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत जाणारा वेळ, साधारण एक मिलिसेकंद. बॅटरीचा व्होल्टेज पडला की तो वाढतो. पेट्रोल पंपाचा दाब तपासला, फिल्टर बदलला. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बरं आहे. पहिले पाच मिनिटं खरंच बरं असायचं.

सातव्या संध्याकाळी वैतागून प्लग काढले. चारही काळेकुट्ट, काजळी बोटाला लागत होती, पेट्रोलचा वास नाकात जात होता. मिश्रण लीन असतं तर प्लग पांढुरके निघाले असते. एकाच इंजिनाबद्दल सेन्सर एक सांगतोय आणि प्लग नेमकं उलटं. मग उजेड पडला. वाइडबँड पेट्रोल मोजतच नाही, तो उरलेला ऑक्सिजन मोजतो. ठिणगी चुकली की ते मिश्रण न जळताच बाहेर पडतं. त्यातलं पेट्रोल जसंच्या तसं आणि ऑक्सिजनही जसाच्या तसा. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि तो ओरडतो, लीन, लीन. मी त्याचं ऐकून आणखी पेट्रोल ओतत होतो.

म्हणजे दुखणं ठिणगीचं. पण मध्येच पंख्याचं एक प्रकरण निघालं, ते लेकीमुळे सापडलं. माझ्या शेजारी बसून ती वहीत आकडे उतरवायची. इंजिन पूर्ण तापलं की रेडिएटरचा फॅन लागायचा आणि रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच) टकटक, टकटक करू लागायचा, सेकंदाला एकदा. मी म्हटलं, रिले खराब आहे, बदलू. तिने वही पुढे केली. ९२, ७७, ९२, ७७, ९१, ७७.

"बाबा, पाणी एका सेकंदात पंधरा अंशांनी थंड कसं होईल?"

होतच नाही. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. माझ्या सेन्सरचा २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० ला सव्वातीनशेच्या आसपास. ईसीयू त्याला पाच व्होल्टवरून एका ठरावीक रेझिस्टरमधून करंट देतो आणि मधला व्होल्टेज वाचतो. इंजिन तापलेलं असताना हा व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या जेमतेम खाली असतो. त्यात दोन दशांश व्होल्टची भर पडली की तापमान पंधरा अंशांनी खाली दिसतं.

मल्टीमीटरची एक पिन सेन्सरच्या अर्थवर (अर्थिंगच्या वायरवर) ठेवली, दुसरी ईसीयूच्या अर्थवर. फॅन बंद असताना ३ मिलिव्होल्ट. फॅन लागला की २१० मिलिव्होल्ट. सेन्सरची अर्थ वायर मी बॉडीच्या ज्या बोल्टला बांधली होती त्याच बोल्टला फॅनही बांधलेला. जोडीला त्या बोल्टखाली रंग होता, धातू धातूला पुरता टेकतच नव्हता. फॅनचा दहा-बारा अँपिअर करंट त्या अडचणीतून जाताना सगळ्या बोल्टचा व्होल्टेजच थोडा वर उचलायचा. ईसीयूला वाटायचं पाणी थंड झालं, तो फॅन बंद करायचा. फॅन बंद झाला की बोल्ट खाली, पाणी पुन्हा गरम, फॅन पुन्हा चालू. बिचारा रिले.

वाइडबँडच्या कंट्रोलरची अर्थही त्याच बोल्टवर निघाली. त्याच्या आउटपुटला एक व्होल्ट म्हणजे प्रमाणात दोनचा फरक, तेव्हा ०.२ व्होल्टने तो प्रमाण ०.४ ने जास्त दाखवत होता. फॅन चालू असताना भरलेला प्रत्येक खाना त्या मानाने चुकीचा. सगळ्या सेन्सरच्या अर्थ सोडवून थेट ईसीयूच्या सेन्सर-अर्थ पिनवर नेल्या. ईसीयूची पॉवर अर्थ इंजिन ब्लॉकवर, रंग खरवडून पक्की केली. टकटक थांबली. झटके थांबले नाहीत.

आता तरी मी टूथ लॉग उघडला. पहिल्या दिवशी उघडायला हवा होता.

क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर, एक दात्यांची चकती असते. माझ्या इंजिनात साठ दात्यांची, त्यातले दोन सलग दाते नाहीत. प्रत्येक दात्याला सहा अंश. समोरच्या सेन्सरला दाता गेला की एक पल्स. दोन दात्यांची ती खिंड आली की ईसीयूला कळतं की क्रँक नेमका कुठे आहे, आणि तिथून मोजून तो ठिणगी टाकतो. खिंड ओळखता आली नाही की त्याची सिंक, म्हणजे क्रँकशी असलेला ताळमेळ, सुटते. मग तो ठिणगी बंद ठेवतो आणि पुन्हा खिंड शोधतो. गाडीच्या एका फेरीत माझा सिंक लॉसचा (ताळमेळ सुटण्याचा) आकडा ४७ होता. हा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात पहिल्या दिवसापासून होता. मी तिकडे बघितलं नव्हतं, एवढंच.

टूथ लॉगमध्ये दर दात्याला एक काठी दिसते. दोन पल्समधला वेळ जितका तितकी काठीची उंची. आयडलला, नऊशे आरपीएमवर, प्रत्येक काठी सुमारे १.१ मिलिसेकंदाची यायला हवी, कंगव्याच्या दात्यांसारखी एकसारखी, आणि एका फेऱ्यात एकदाच तिप्पट उंच काठी, खिंडीची. माझ्याकडे तिप्पट काठीच नव्हती. तिच्या जागी शेजारी शेजारी दोन काठ्या, प्रत्येक दुप्पट उंच. इंजिनाचा वेग वाढवला की त्या दोघी एकमेकींशी उंची बदलायच्या.

कागदावर चकती काढली तेव्हा समजलं. माझा सेन्सर व्हीआर जातीचा, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. दाता जवळ येतो तसा व्होल्टेज एका दिशेने चढतो, दूर जातो तसा दुसऱ्या दिशेने. दाता बरोबर समोर असताना तो झपकन शून्य ओलांडतो. ईसीयूच्या सर्किटला हाच झपकन ओलांडलेला शून्य हवा असतो. सेन्सरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या की सगळी लाट पालथी होते आणि सर्किट दात्याऐवजी दोन दात्यांमधल्या खळगीचा मध्य पकडतं. साध्या खळग्यांत ते खपून जातं. पण खिंड ही रुंद खळगी. तिच्या मध्यावर व्होल्टेज शून्याजवळ आळसावून पडलेला असतो. सर्किट तिथेच एक फालतू पल्स काढतं आणि एका तिप्पट काठीऐवजी दोन दुप्पट काठ्या उमटतात. हा फालतू पल्स थोड्याशा विद्युत गोंगाटानेही पुढे-मागे सरकतो. कधी पहिली काठी खिंड ठरते, कधी दुसरी, कधी कुठलीच नाही. वेग वाढला तशी गोंगाटाला संधी वाढली. तीन हजारांवर एक दाता जायला तीनशे तेहतीस मायक्रोसेकंद लागतात, तिथे आळशी पल्सचं काय चालणार!

वायरी उलट्या का जोडल्या, तर माझ्याकडची आकृती याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलची होती. एक वायर तपकिरी, एक पिवळी. नंतरच्या मॉडेलमध्ये रंग तेच, जोडणी उलटी.

दुरुस्ती म्हणजे कनेक्टरमधल्या दोन पिनांची अदलाबदल. सांगायला सोपं. पिन बाहेर यायला तिच्या आतली छोटी जिभली दाबावी लागते. ती दिसत नाही. मी शिवणाच्या सुईचं टोक घासून चपटं केलं, टॉर्च दातात धरली आणि तपकिरी वायर हलकेच ओढत सुई आत सरकवली. टक् असा बारीक आवाज झाला आणि पिन सुटली. पिवळीची जिभली मोडली. मोडलेली पिन कापून नवी क्रिम्प केली. वायर ओढून बघितली, घट्ट होती. एवढ्यात पाऊण तास गेला.

सेल्फ मारला. टूथ लॉगमध्ये कंगवा आणि एकच उंच काठी. मोजली, शेजारच्या काठीच्या बरोबर तिप्पट. लेकीने वहीवर तारीख टाकून ती काढली, तीही बऱ्यापैकी प्रमाणात.

यानंतर टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, लावायलाच लागतो, कारण वायरी बदलल्या की दात्याची जागा ईसीयूच्या लेखी सरकते. टायमिंग दहा अंशांवर पक्कं करून पुलीवर दिवा मारला. आधी हाच प्रयोग केला होता तेव्हा खूण दोन जागी नाचताना दिसली होती आणि मी ती गोष्ट पट्टा सैल असल्यावर ढकलली होती. त्या दोन जागांमधलं अंतर आता मोजलं तर बारा अंश, म्हणजे बरोबर दोन दाते. ठिणगी बारा अंश पुढे-मागे उडत असताना मी पेट्रोलचे टक्के मोजत होतो. आता खूण एका जागी खिळली, फक्त चुकीच्या अंशावर. ट्रिगर अँगल बदलून ती दहावर आणली. तीन हजारांवर पुन्हा बघितली, एखाद अंश मागे पडली होती. सर्किटला पल्स ओळखायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे एवढं चालतं.

भिंत गेली. पण पाच हजार दोनशेच्या आसपास सिंक लॉस अजून दोन, कधी तीन. इथे मात्र मी तक्त्याकडे वळून बघितलं नाही. सेन्सरच्या केबलला जाळीचं आवरण असतं, बाहेरचा गोंगाट अडवायला. ते एकाच टोकाला अर्थ करायचं असतं. मी हौसेने दोन्ही टोकांना केलं होतं. त्यामुळे इंजिन आणि ईसीयूच्या अर्थमध्ये फरक पडला की जाळीतूनच करंट वाहायचा. इंजिनाकडचं टोक कापून टेप लावली. केबल प्लगच्या लीडला चिकटून चालली होती, ती हातभर बाजूला घेतली. एक प्लग तर रेझिस्टर नसलेला, म्हणजे जास्त गोंगाट करणारा निघाला, तो बदलला. तिन्हीतलं नेमकं कशाने झालं ते सांगता येणार नाही, कारण तिन्ही एकदमच केलं. शिस्तीच्या माणसाने असं करू नये. सहा हजारांपर्यंत तीन वेळा नेली आणि सिंक लॉस शून्य राहिला.

मग पेट्रोलचा तक्ता. पहिल्या रात्रीची फाइल जपून ठेवली होती, ती परत चढवली. आठ आणि दहा टक्क्यांच्या माझ्या सगळ्या भरी वाहून गेल्या. अर्थिंग नीट झाल्यावर त्या मूळ तक्त्यात कुठे दोन टक्के, कुठे तीन, एवढंच करावं लागलं. प्लग आता फिकट तपकिरी निघतात.

एक गोष्ट राहिलीय. तापलेली गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू केली की पहिला अर्धा मिनिट अडखळते. हवेच्या तापमानाचा सेन्सर मी मॅनिफोल्डवर बसवलाय, गरम ॲल्युमिनियममध्ये. थांबलेल्या गाडीत तो त्या धातूचं तापमान वाचतो. ईसीयूला वाटतं हवा फार गरम, म्हणजे विरळ, म्हणून तो पेट्रोल कमी करतो. सेन्सर एअर फिल्टरनंतरच्या प्लास्टिकच्या पाइपात हलवायला हवा. ड्रिल काढून ठेवलंय. पाइपाची भिंत किती जाड आहे ते मात्र अजून मोजायचंय, आणि लेक म्हणतेय की आधी कागदावर काढ.